मामा, पाण्यात धरूया का?

मित्रांनो, मी टीई मेकॅनिकलचा. म्हणजे उष्णता कुठून कुठे, कशातून आणि किती वेगानं जाते यावर पुरवण्या लावून आलेला माणूस. डिसेंबरात हीट ट्रान्स्फरचा पेपर दिला आणि तिसऱ्या दिवशी घरी पोचलो. ताई माहेरपणाला आली होती, तिची दोन पिल्लं घरभर नुसती उधळलेली. सकाळी आईनं चहाचं पातेलं उतरवून ओट्याच्या कडेला ठेवलं आणि ती गाळणं शोधायला वळली. पाच वर्षांच्या भाच्यानं पातेल्याची कड धरून ओढली. अर्धा चहा त्याच्या उजव्या हातावर.

पुढच्या दोन मिनिटांत आमच्या स्वयंपाकघरात जे झालं ते तुमच्याही घरी झालं असेल. आजी म्हणाली हळद लावा. बाबा फ्रीज उघडून बर्फ शोधायला लागले. शेजारच्या काकू खिडकीतून ओरडल्या, "शाई आहे का शाई?" आणि मी, घरातला होऊ घातलेला इंजिनिअर, बेसिनवरची टूथपेस्ट आणून अख्खी ट्यूब त्या हातावर पिळली. गार वाटतं ना, म्हणून!

या सगळ्या गोंधळात आठ वर्षांची भाची माझा शर्ट ओढत होती. "मामा, पाण्यात धरूया का? नळाखाली. बाईंनी सांगितलंय." एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली. मी म्हटलं, "तू गप गं, मध्ये येऊ नको."

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी किती वेळ ओतलं?" आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसलो. मग ती वाळायला लागलेली टूथपेस्ट सलाईननं ओली करून गॉजनं थोडी थोडी काढावी लागली, कारण ती निघाल्याशिवाय खाली किती भाजलंय हेच दिसेना. भाच्याचे पाय मी धरले होते. तो कसा ओरडत होता हे लिहिणार नाही. हात बरा झाला, पण मनगटाच्या वर एक डाग राहिलाय. पहिल्या पाच मिनिटांत पाणी मिळालं असतं तर तो राहिला असता का, हे खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. मला मात्र तो डाग दर सुट्टीत दिसणार आहे.

भाची तिच्या शाळेत 'बुलबुल' आहे. भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये लहान मुलांचे कब आणि मुलींच्या बुलबुल असतात, त्यांच्या पुढचे ते स्काउट आणि गाइड. तिथे बाईंनी एका तासाला प्रथमोपचार शिकवले होते. म्हणजे त्या दिवशी घरातल्या सहा माणसांपैकी बरोबर उत्तर एकीलाच येत होतं, आणि तिलाच आम्ही गप्प बसवलं.

आता थोडं थिअरी, कारण मला स्वतःला हे नंतर कळलं आणि कळल्यावर लाज वाटली. साधारण ४४ अंशांच्या वर कातडीतल्या पेशी मरायला लागतात. तापमान जितकं जास्त तितका वेळ कमी लागतो. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडीसुद्धा काही सेकंदांत भाजतं, आणि लहान मुलाची कातडी आणखी पातळ. चहा खाली सांडला म्हणजे हीट सोर्स गेला, पण कातडीत शिरलेली उष्णता कुठे गेली? ती आतल्या थरांकडे जातच राहते. आपण परीक्षेत ट्रान्झियंट कंडक्शनचा ग्राफ काढतो ना, अगदी तोच. वाहतं गार पाणी ती उष्णता बाहेर खेचतं. टूथपेस्ट, तूप, हळद हे सगळे थर वरून झाकण घालतात. मी भाच्याच्या हातावर इन्सुलेशन लावलं होतं, मित्रांनो!

बर्फही नको. बर्फानं रक्तवाहिन्या आकसतात, आधीच दुखावलेल्या कातडीचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो. साधं नळाचं पाणी, वीस मिनिटं, घड्याळ लावून. दोन मिनिटांत कातडी गार लागते म्हणून थांबायचं नाही, कारण थंडाव्यानं आतली सूज आणि पुढची हानीसुद्धा कमी होते. म्हणून तर उशीर झाला तरी तीन तासांच्या आत पाणी लावण्याचा उपयोग होतो असं सांगतात. हातातलं कडं, गंडा, अंगठी सूज यायच्या आत काढायची. चिकटलेला कपडा ओढायचा नाही, फोड फोडायचे नाहीत. नंतर स्वच्छ, धागे न सुटणारं कापड सैल झाकून दवाखाना. मूल लहान असेल तर भाजलेला भाग गार करताना बाकीचं अंग पांघरुणात उबदार ठेवायचं. बास. एवढं आठ वर्षांच्या मुलीला येत होतं.

मग मी याच विषयाच्या मागे लागलो. (सबमिशनच्या मागे इतका लागलो असतो तर टर्मवर्क वेगळं दिसलं असतं. असो.) मला वाटायचं लहान मुलांना प्रथमोपचार शिकवणं म्हणजे गॅदरिंगमधला एक आयटम. पांढरा ड्रेस, डोक्याला बँडेज, पालकांच्या टाळ्या. पण बाहेरच्या देशांत यावर नीट काम झालंय. नॉर्वेमध्ये बालवाडीतल्या चार-पाच वर्षांच्या दहा मुलांना हातमोज्याच्या बाहुलीकडून हे शिकवलं. दोन महिन्यांनी तपासलं तर दहातल्या सात मुलांना माणूस शुद्धीवर आहे का ते बघता येत होतं आणि तिथला ॲम्ब्युलन्सचा नंबर पाठ होता. माणूस श्वास घेतोय का हे सहा जणांना बघता आलं. दहा मुलं म्हणजे फार लहान सॅम्पल, हे आपल्याला एम-थ्री शिकल्यावर कळतंच. पण चार वर्षांचं मूल काहीच करू शकत नाही हा समज मोडायला दहासुद्धा पुरे.

डेन्मार्कची गोष्ट मोठी आहे. तिथे २००५ मध्ये शाळांमध्ये हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचं, म्हणजे सीपीआरचं शिक्षण सक्तीचं केलं. दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलेल्या माणसाला जवळ उभ्या असलेल्या कुणीतरी सीपीआर देण्याचं प्रमाण २००१ मध्ये सुमारे २१ टक्के होतं, ते २०१० मध्ये जवळपास ४५ टक्के झालं. महिनाभर जगलेल्यांचं प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून १०.८ वर गेलं. याचं सगळं श्रेय शाळेला देता येणार नाही. तिथे ड्रायव्हिंग लायसन्ससाठीही हे प्रशिक्षण सक्तीचं झालं, यंत्रं वाढली, ॲम्ब्युलन्स सेवा सुधारली. पण शाळा हा त्यातला एक खांब होता. इंग्लंडनंही सप्टेंबर २०२० पासून सरकारी शाळांच्या आरोग्य शिक्षणात प्रथमोपचार सक्तीचे केले. प्राथमिक शाळेत फोन कसा करायचा आणि साध्या जखमा, सीपीआर पुढच्या वर्गांत.

हा वयाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे उत्साह आला की आपण पहिलीतल्या मुलाला सीपीआर शिकवायला जातो. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर दाबायची, तीही मिनिटाला १०० ते १२० वेळा. त्याला वजन लागतं. साधारण तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना ते मोठ्यांसारखं जमतं. म्हणूनच २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पाठिंबा दिलेल्या 'किड्स सेव्ह लाइव्ह्ज' या आवाहनात बाराव्या वर्षापासून वर्षाला दोन तास शिकवा असं म्हटलंय. त्याखालच्या मुलांनी काय करायचं? हाक मारायची, फोन करायचा, आणि दोन-तीन साध्या गोष्टी. माझं मत विचाराल तर यापेक्षा जास्त ओझं पोराच्या डोक्यावर टाकूच नये. एखादी गोष्ट वाईट घडलीच तर 'मी केलं नाही म्हणून झालं' असं त्याला आयुष्यभर वाटता कामा नये. शिकवताना हे वाक्य स्पष्ट म्हणायचं असतं, "तू मोठ्यांना सांगितलंस, तुझं काम झालं."

जानेवारीत आपलं एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर माण तालुक्यातल्या एका गावात होतं. सकाळी श्रमदान, दुपारी जिल्हा परिषदेच्या शाळेत काहीतरी कार्यक्रम. मी सरांना म्हटलं, मला पहिली ते चौथीचे दोन दुपारचे तास द्या. सर म्हणाले, "तू? तुला येतं का?" मग डिसेंबरची गोष्ट सांगितली. सर गप्प झाले आणि तास मिळाले. जाण्याआधी आपल्या गावातल्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरांकडून दोन संध्याकाळी सगळं करून दाखवून घेतलं, कारण अर्धवट शिकून पोरांना शिकवणं हा दुसरा टूथपेस्टचा प्रकार झाला असता.

बाहुलीसाठी रूम पार्टनरचा मोजा घेतला. त्याला बटणाचे डोळे लावले आणि नाव ठेवलं धडपड्या. धडपड्या पडतो, भाजतो, त्याला विंचू चावतो, आणि पोरं त्याला वाचवतात. पहिल्या दहा मिनिटांत पोरं माझ्याकडे बघायचीच बंद झाली, सगळी धडपड्याशी बोलायला लागली.

पहिला धडा फोनचा. अडचण लगेच आली. एक पोरगा म्हणाला, "दादा, पप्पांच्या फोनला लॉक असतंय." त्याचं बरोबर होतं. पण लॉक असलेल्या फोनवरही 'इमर्जन्सी' लिहिलेलं असतं आणि तिथून ११२ लागतो, हे शाळेच्या गुरुजींनाही नवीन होतं. ॲम्ब्युलन्ससाठी १०८, ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. पण लहान मुलाला एकच नंबर पाठ करायचा असेल तर ११२ पुरतो. फोन खरा लावायचा नाही म्हणून पाटीवर कीपॅड काढला. एकेकानं उठून नंबर दाबायचा आणि मी पलीकडून "कुठून बोलताय?" विचारायचं.

उत्तर काय? "आमच्या घरून!" बरं, घर कुठं? "मारुतीच्या देवळामागं." आता महाराष्ट्रात मारुतीचं देऊळ नसलेलं गाव दाखवा! पुण्यात किंवा नवी मुंबईत फोन उचलणाऱ्याला काय कळणार? मग गावाचं नाव, तालुका, जिल्हा, आणि शेवटी मारुती, या क्रमानं म्हणायचं गाणं पोरांनीच रचलं. दुसऱ्या दिवशी बैलगाडीमागून पळतानाही तेच म्हणत होती. फोन आपण आधी ठेवायचा नाही, हेही घोकून घेतलं.

मग भाजण्याचा धडा. मी मोठ्या रुबाबात वीस मिनिटं वाहतं पाणी सांगितलं. तिसरीतली एक मुलगी हात वर करून म्हणाली, "दादा, आमच्याकडं टँकर येतोय." वर्ग हसला नाही. मीच गप्प झालो. नळ सोडून वीस मिनिटं उभं राहायचं हे शहरातलं वाक्य मी तसंच्या तसं माणमध्ये आणून टाकलं होतं.

रात्री शेकोटीशी आम्ही तिघांनी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. लहान मुलाचा हात आणि मनगट मिळून अर्धा किलो धरा. तो सगळाच्या सगळा वीस अंशांनी तापलाय असं धरा, म्हणजे खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. शरीराची विशिष्ट उष्णता साडेतीन किलोज्यूल. झाले ३५ किलोज्यूल. दहा लिटर पाणी एक अंशानं तापवायला लागतात जवळपास ४२. म्हणजे अर्ध्या बादलीत हात बुडवून ठेवला तरी पाणी एक अंशानंसुद्धा तापत नाही! फक्त हाताला लागून असलेलं पाणी कोमट होऊन तिथेच थांबतं, म्हणून ते दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. दंड किंवा पाठ असेल तर खाली परात ठेवून तांब्यानं तेच पाणी पुन्हा पुन्हा ओतायचं. पाणी मात्र पिण्याचं, स्वच्छ हवं. नंतर ते झाडाला घाला. दुसऱ्या दिवशी हे त्या मुलीला सांगितलं. तिनं विचार केला आणि म्हणाली, "मग चालतंय." मला कुठल्याही व्हायव्हात इतकं बरं वाटलं नव्हतं.

साप-विंचवाच्या धड्याला मला काही शिकवावंच लागलं नाही, पोरांकडेच गोष्टींचा खजिना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चारही नावं त्यांना येतात. आपल्याकडे जी सर्पविषाची लस दवाखान्यात मिळते ती याच चौघांविरुद्ध असते. पण उपाय विचारल्यावर सगळा वर्ग एका सुरात, "दोरी बांधायची, घट्ट!" ही दोरी मोडायला एक तास गेला. दोरीनं विष थांबतं असं नाही, मात्र त्या पायाचं रक्त थांबतं आणि पाय जाऊ शकतो. चिरायचं नाही, चोखायचं नाही, सापाला मारायला धावायचं नाही. चावलेल्या माणसाला चालवायचं नाही, हात-पाय मोडल्यावर ठेवतात तसा स्थिर ठेवायचा आणि थेट दवाखाना. लहान मुलाचं काम काय? लांब सरकणं, मोठ्यांना बोलावणं, किती वाजलेत ते बघून ठेवणं. विंचवाच्या बाबतीत मी त्यांना महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची गोष्ट सांगितली. कोकणात लाल विंचवाच्या दंशानं लहान मुलं दगावायची, तेव्हा प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग होतो हे त्यांनी तिथेच खेड्यात काम करून दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण गोळी पोटात जायला आधी दवाखाना गाठायला हवा, देवऋषाकडे दोन तास गेले की संपलं. हे म्हटल्यावर मागच्या बाकावरचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मी जास्त विचारलं नाही.

विजेच्या धड्यात फक्त 'काय करायचं नाही' एवढंच. आपल्या इलेक्ट्रिकलवाल्यांना माहीत आहे, आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला ट्रिप होतो, कारण त्याच्या वर हृदयाला धोका. शेतातल्या मोटारीला असलं काही असेलच असं नाही. चिकटलेल्या माणसाला हात लावलेला दुसरा माणूस आणि त्याला धरायला गेलेला तिसरा, अशा बातम्या आपण वाचतोच. लहान मुलानं तिथे हात लावायचा नाही, ओरडत मोठ्या माणसाकडे पळायचं. घरात मेन स्विच कुठे आहे आणि तो हाताला येतो का, हे बघून यायचं एवढा गृहपाठ दिला. तारेच्या जवळसुद्धा जायचं नाही, ती जमिनीवर पडली असेल तर जमिनीतूनही शॉक लागतो. धडपड्याला या धड्यात मुद्दाम कुणालाच वाचवू दिलं नाही. पोरांना ते आवडलं नाही. एक जण म्हणाला, "मग त्यो मरंल की." मी म्हटलं, "तू पण गेलास तर तुझ्या आईला कोण सांगणार?" त्यावर तो बराच वेळ बोलला नाही. लहान मुलांना असं सांगावं का, याबद्दल अजूनही माझं मन दोन्हीकडे होतं. गुरुजी म्हणाले, सांगावं. त्यांनी त्या गावात वीस वर्षं काढली आहेत.

शेवटच्या दिवशी पालकांना बोलावलं आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पोरांनी शिकवायचं आणि आई-आजीनं करायचं. कारण माझ्या भाचीला सगळं येत होतं, तिला अधिकार नव्हता. पोरानं सगळ्या वाड्यासमोर एकदा आजीचा हात पाण्यात धरला की पुढच्या वेळी आजी निदान ऐकून तरी घेते. एका आजीनं विचारलं, "मग हळद कशाला हाय रं?" मी म्हटलं, "आजी, भाजीला." सगळ्या बायका हसल्या, आजीसुद्धा.

परत आल्यावर गंमत म्हणून आपल्या विंगमध्ये विचारलं, नाकातून रक्त आलं तर काय करायचं? जवळपास सगळ्यांनी डोकं मागं केलं. भावी इंजिनिअरांनो, डोकं मागं केलं की रक्त घशात जातं आणि उलटी होते. पुढे वाकायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायचा, दहा मिनिटं मध्ये न सोडता, तोंडानं श्वास घ्यायचा. माणमधल्या दुसरीच्या पोराला हे येतं. आणि बादलीत हीटरचा रॉड टाकून बोट घालून पाणी तापलं का बघणारे महाभाग कोण, ते मी इथे लिहीत नाही, रेक्टर सरही हा अंक वाचतात.

सरांचा विषय निघालाच आहे तर आपल्या प्रथमोपचार पेटीबद्दल. ती ऑफिसच्या कपाटात होती, कपाटाला कुलूप, किल्ली सरांच्या घरी. उघडली तेव्हा आत वाळलेला कापूस, एक रिकामी बाटली आणि सगळ्यात खाली कुणाचं तरी हरवलेलं आयडी कार्ड निघालं. सरांनी दुसऱ्याच दिवशी ती भरून मेसच्या दाराशी टांगली, कुलपाशिवाय, हे कबूल करायला हवं. मेसच्या मावशींनी भाजल्यावर पाणी हे लगेच उचललं, त्यांचा तो रोजचाच विषय.

तर आता स्टाफ क्वार्टर्समधल्या मुलांसाठी दर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला मेसमागच्या हॉलमध्ये तास सुरू केलाय. सध्या नऊ मुलं येतात, त्यांच्याबरोबर आपल्या मावशी आणि दोन प्राध्यापकही येऊन बसतात. शिकवायला सिस्टर महिन्यातून एकदा येतात, बाकीचे शनिवार आम्ही तिघं. माणसं कमी पडतायत आणि धडपड्याही कमी पडतायत. ज्यांच्याकडे जोडीतला एकच मोजा उरलाय (होस्टेलमध्ये असे खूप निघतील), त्यांनी तो रूम नंबर ११४ मध्ये आणून द्यावा. धुऊन आणावा.